शेपटीवर ठरतो विमानाचा तोल

दूरनियंत्रित प्रतिकृती विमान घेताना नवख्याचे लक्ष मोटर आणि पंखांकडे जाते. मात्र विमान हवेत स्थिर राहणार की हेलकावे खाऊन कोसळणार, हे बऱ्याच अंशी शेपटीवर अवलंबून असते.

शेपटीचा आडवा पंख नाकाच्या वर-खाली होण्याला आवर घालतो. उभा पंख नाक डावी-उजवीकडे भरकटू देत नाही. १८७१ मध्ये आल्फॉन्स पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसमधील त्युइलरी उद्यानात रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान उडविले. मागील आडव्या पंखामुळे ते आपोआप तोल सांभाळत ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले.

शेपटीचे बळ तिचे क्षेत्रफळ आणि गुरुत्वमध्यापासूनचे अंतर यांच्या गुणाकारावर ठरते. अंतर दुप्पट केल्यास साधारण निम्मे क्षेत्रफळ पुरते. पण लांब शेपटीचा भार तोलण्यासाठी नाकात वजन घालावे लागते.

पारंपरिक रचनेत आडवा पंख विमानाच्या धडालाच जोडलेला असतो. पुढच्या पंख्याचा झोत त्यावरून जात असल्याने कमी वेगातही एलेव्हेटर दाद देतो. ही रचना हलकी आणि दुरुस्तीस सोपी असते.

'टी' आकारात आडवा पंख उभ्या पंखाच्या माथ्यावर बसतो. उतरताना तो गवतात अडकत नाही, म्हणून ग्लायडरमध्ये ही रचना दिसते. मात्र त्याचा भार पेलण्यासाठी उभा पंख भक्कम लागतो. शिवाय नाक फार वर गेल्यास मुख्य पंखांमागची विस्कळीत हवा शेपटीला वेढते आणि एलेव्हेटर निष्प्रभ होऊ शकतो. मोठ्या विमानांनाही हा धोका चुकलेला नाही. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी इंग्लंडमध्ये बीएसी वन-इलेव्हन या विमानाच्या चाचणीत असेच घडून सात जणांचा बळी गेला.

'व्ही' आकारात दोन तिरपे पंख दोन्ही कामे करतात. त्यांच्या झडपा एकाच दिशेने हलल्या तर नाक वर-खाली होते, विरुद्ध दिशेने हलल्या तर विमान वळते. यासाठी ट्रान्समीटरमध्ये 'मिक्सिंग'ची सोय हवी. एक सर्व्हो बंद पडला तरी दोन्ही नियंत्रणे बिघडतात. दोनच पंख असल्याने क्षेत्रफळ वाचते, हा समजही फसवा आहे. तेवढ्याच स्थैर्यासाठी एकूण क्षेत्रफळ जवळपास तेवढेच लागते.

नवशिक्यांनी म्हणूनच पारंपरिक शेपटीपासून सुरुवात करावी आणि उड्डाणापूर्वी गुरुत्वमध्य तपासावा. तो मर्यादेपेक्षा मागे सरकला असेल, तर कोणत्याही आकाराची शेपटी विमान सावरू शकत नाही.