'कार्टून' शब्दाचे अर्थांतर

'कार्टून' हा शब्द मूळचा विनोदाच्या प्रांतातील नव्हे. इटालियन भाषेत 'कार्तोने' म्हणजे जाड कागद. भित्तिचित्राचा पूर्णाकृती आराखडा अशा कागदावर काढीत. म्हणून आराखड्यासही तेच नाव मिळाले.

१८३४ च्या आगीत लंडनमधील पार्लमेंटची वास्तू जळाली. नव्या वास्तूतील भित्तिचित्रांसाठी मागविलेल्या आराखड्यांचे प्रदर्शन १८४३ साली वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये भरले. त्याच वर्षी जुलैमध्ये 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने जॉन लीच याचे एक चित्र 'कार्टून, क्रमांक १' या मथळ्याने छापले. फाटक्या वस्त्रांतील दरिद्री माणसे भिंतीवरील दिमाखदार चित्रे पाहत आहेत, असे ते दृश्य. अन्न मागणाऱ्यांस शासन प्रदर्शन दाखविते, हा त्यातील आरोप होय. येथे 'कार्टून' हे नावच उपहासाने योजिले होते. कालांतराने उपहासचित्र हाच त्याचा रूढ अर्थ बनला.

मराठीने या अर्थी 'व्यंगचित्र' हा शब्द स्वीकारला. 'व्यंग्यचित्र' असेही लिहिले जाते. 'व्यंग' म्हणजे वैगुण्य, तर 'व्यंग्य' म्हणजे सूचित अर्थ. लीचच्या चित्राचे सामर्थ्य आकृतींच्या वैगुण्यात नसून वैभव आणि दारिद्र्य शेजारी मांडण्यात आहे. त्यास दुसरे रूपच अधिक अन्वर्थक ठरते.