फळावरील विषाचा माग

फळ धुतलें कीं तें निर्धोक झालें, असें आपण सहज मानतों. परंतु सालीवरील जें विष डोळ्यांना दिसत नाहीं तें दाखवावें कसें, या प्रश्नामागें शंभर वर्षांचा इतिहास आहे.

सफरचंदांतील अळी मारण्यासाठीं अमेरिकेंतील बागाईतदार शिशाचें आर्सेनेट फवारीत. १९२५ सालीं लंडनमध्यें आलेल्या अमेरिकन सफरचंदांवर सोमलाचा अंश आढळला. ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं मर्यादा पुढें केली ती पौंडास एक-शतांश ग्रेनची. मुळांत ती कीटकनाशकांसाठीं नव्हतीच. १९०० सालीं मँचेस्टरकडे सोमलमिश्रित बिअरनें माणसें दगावलीं, तेव्हां नेमलेल्या आयोगानें ती सुचविली होती. सोमलाची परीक्षा सोपी होती: त्याचा वायु करून पाऱ्याच्या क्षारांत भिजविलेल्या कागदावर सोडला, कीं पिवळा-तपकिरी डाग उमटे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सेंद्रिय कीटकनाशकें आलीं आणि हा डाग निरुपयोगी ठरला. १९५७ सालीं लव्हलॉक यांनीं अतिसूक्ष्म अंश टिपणारा शोधक बनविला. पण तें काम प्रयोगशाळेचें, बांधावरचें नव्हे.

दुसरी वाट मात्र आपल्याच देशांत उघडली होती. प्रकाश पदार्थावरून विखुरतांना त्याच्या रेणूंची खूण घेऊन येतो, हें रामन यांनीं १९२८ सालीं कलकत्त्यास दाखविलें. ही खूण फार क्षीण असते. परंतु खरबरीत चांदीवर ती कितीतरी ठळक होते, असें १९७४ सालीं साउदॅम्प्टन येथें दिसून आलें. पुढें २०१० सालीं चीनमधील श्यामेन येथील संशोधकांनीं सिलिकाचें पातळ कवच चढविलेले सोन्याचे कण लिंबूवर्गी फळावर धुळीसारखे पसरले आणि सालीवरील पॅराथिऑन ओळखलें. हे कण मिलिमीटरच्या दहा-हजारांशाहूनही लहान होते!

त्याच वर्षीं महाराष्ट्रांतील द्राक्षें युरोपांत अडकलीं. वेलीची वाढ आवरणारें क्लोरमेक्वाट त्यांत मर्यादेबाहेर आढळलें होतें. माल परदेशीं पोंचल्यावर निकाल कळला आणि तोटा निर्यातदार व बागाईतदार यांच्या माथीं आला. पंचाऐंशी वर्षांपूर्वींच्या सफरचंदांप्रमाणेंच येथेंही कसोटी होती ती गिऱ्हाइकाच्या हातीं.

सोन्याच्या धुळीचें खरें मोल येथेंच आहे. ती केवळ साल पाहते. गरांत मुरलेलें द्रव्य अजून प्रयोगशाळेनेंच शोधावें लागतें. तथापि काढणीपूर्वीं, वेलीखालींच जी परीक्षा करतां येईल, तीच खाणाऱ्याचें आरोग्य आणि पिकविणाऱ्याचा संसार दोन्ही राखील.