छावणी, बंदर आणि व्यापारी संस्कृती : उल्हासनगर व सिंगापूर यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

आग्नेय आशियातील व्यापारी राष्ट्रांच्या, विशेषतः सिंगापूरच्या, आर्थिक विकासाची मीमांसा करताना अभ्यासकांमध्ये दोन प्रवाह आढळतात. एक प्रवाह स्थलांतरित समाजाची उद्यमशीलता, काटकसर व कुटुंबनिष्ठा यांस, म्हणजेच व्यापारी संस्कृतीस, श्रेय देतो. दुसरा राज्यसंस्थेच्या नियोजनास. १९८० च्या दशकात कन्फ्यूशियन मूल्यांची चर्चा सुरू झाली आणि पहिल्या प्रवाहास बळ मिळाले. हा वाद दूरदेशीचा वाटला, तरी तो तपासून पाहण्याची सामग्री ठाणे जिल्ह्यातच उपलब्ध आहे. उल्हासनगर, आणि त्यातही कॅम्प नं. ३, यांच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

छावणीतून बाजारपेठ

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने कल्याणनजीक सैनिकांसाठी छावणी उभारली. युद्ध संपले आणि ती ओस पडली. फाळणीनंतर, विशेषतः ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत झालेल्या दंगलीनंतर, सिंधमधील हिंदू मोठ्या संख्येने समुद्रमार्गे मुंबईत आले. त्यांपैकी सुमारे एक लाख लोकांची सोय या रिकाम्या बॅरेकींमध्ये करण्यात आली. गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते ८ ऑगस्ट १९४९ रोजी कोनशिला बसविण्यात आली व वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे १९६० मध्ये नगरपालिका व १९९६ मध्ये महानगरपालिका झाली. तथापि पाच कॅम्पांची लष्करी विभागणी पुसली गेली नाही. कॅम्प नं. ३ मधील पत्त्यात आजही सेक्शन आणि बॅरेक क्रमांक लिहिला जातो. छावणीची खूण टपालाच्या पाकिटावर इतकी टिकलेली नगरे आपल्या राज्यात थोडीच असतील.

आलेल्या कुटुंबांपाशी कसण्यास जमीन नव्हती आणि भांडवलही नव्हते. स्त्रियांनी पापड-लोणची करावीत, मुलांनी ती व गोळ्या-बिस्किटे लोकलमध्ये विकावीत, येथून आरंभ झाला. बॅरेकीच्या एका खोलीत पडदे टांगून दोन-तीन संसार चालत. रस्त्याच्या बाजूस दुकान मांडले जाई. घर, कारखाना व दुकान एकाच छपराखाली आल्यामुळे स्थिर खर्च जवळजवळ उरला नाही आणि घरातील प्रत्येक हात उत्पादनास लागला. नफा कमी ठेवून माल लवकर फिरवावा, ही रीत येथेच रुजली. फर्निचर, कापड, मिठाई, पुढे जीन्स, अशा बाजारपेठा क्रमाने उभ्या राहिल्या. नामवंत मालाच्या नकलांवरून ‘यू.एस.ए.’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद मुंबईभर झाला. त्यात उपहास आहे, परंतु भांडवल नसलेल्या उत्पादकाने ग्राहकाची मागणी किती अचूक ओळखली होती, याची कबुलीही आहे.

सिंगापूरमधील सिंधी

सिंधी व्यापाऱ्यांचा आग्नेय आशियाशी संबंध फाळणीपूर्वीचा आहे. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकल्यानंतर हैदराबाद (सिंध) येथील भाईबंद व्यापारी सिंधी कारागिरीच्या वस्तू युरोपीय ग्राहकांना विकू लागले. ‘सिंधवर्क’ या मालावरून त्यांना सिंधवर्की हे नाव पडले. पोहूमल ब्रदर्स, वासियामल आसूमल यांसारख्या पेढ्यांच्या शाखा इजिप्तपासून जपानपर्यंत पसरल्या. इतिहासकार क्लोद मार्कोव्हित्स यांनी दाखविल्याप्रमाणे मुख्य पेढी हैदराबादेत राही आणि दूरच्या शाखांवर गावचेच तरुण ठरावीक मुदतीच्या कराराने नोकरीस जात. सिंगापूरमध्ये १९२१ मध्ये सिंधी व्यापाऱ्यांची संघटना स्थापन झाली. हाय स्ट्रीटवरील कापडाची दुकाने तर प्रसिद्धच होती.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सिंधवर्की आणि उल्हासनगरचा निर्वासित हे एकच असे मानण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. ज्यांच्या परदेशात शाखा होत्या, त्यांना फाळणीनंतर तेथे किंवा मुंबईत आधार मिळू शकला. बॅरेकीत आला तो मुख्यतः असा आधार नसलेला माणूस. त्यात दुकानदार होते, तसेच कारकून, शिक्षक व कारागीरही होते. म्हणून ‘सिंधी रक्तातच व्यापार आहे’ हे लोकप्रिय विधान इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. अनेकांनी व्यापार गरजेपोटी शिकला. शिक्षणाची ओढही तितकीच होती. सिंधमधून विस्थापित झालेल्या शिक्षणप्रेमींच्या हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाने १९६५ मध्ये कॅम्प नं. ३ मध्ये महाविद्यालय सुरू केले. ज्या वर्षी सिंगापूर स्वतंत्र राष्ट्र झाले, तेच हे वर्ष.

जमिनीचा प्रश्न

दोन्ही ठिकाणांचे साम्य लक्षणीय आहे : लहान भूभाग, नैसर्गिक संपत्तीचा अभाव, स्थलांतरित लोकसंख्या आणि ब्रिटिश लष्कराने सोडलेल्या वास्तू. ब्रिटनने १९६८ मध्ये सिंगापूरचे तळ हलविण्याची घोषणा केली, तेव्हा तेथील उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा या तळांशी निगडित होता. सरकारने सेंबावांग येथील नौदल गोदीचे व्यापारी जहाजदुरुस्ती केंद्रात रूपांतर केले. १९६० चे गृहनिर्माण मंडळ, १९६१ चे आर्थिक विकास मंडळ आणि १९६६ चा भूसंपादन कायदा यांमुळे घर, कारखाना व रस्ता यांची आखणी एकाच यंत्रणेच्या हाती आली. या कायद्याने मूळ जमीनमालकांना अल्प मोबदल्यात जमीन सोडावी लागली, ही त्या यशाची दुसरी बाजू होय.

उल्हासनगरात राज्यसंस्थेने छप्पर दिले आणि १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) कायद्यान्वये मालकीची वाटही काढून दिली. परंतु वाढत्या वस्तीची आखणी केली नाही. सुमारे १३ चौरस किलोमीटरमध्ये २०११ च्या जनगणनेनुसार ५,०६,०९८ लोक राहत होते. बॅरेकींच्या जागी परवानगीविना इमारती उठल्या. उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिल्यावर शासनाने २००६ मध्ये केवळ या एका शहरासाठी अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा कायदा केला. शहराचा बराच भाग कायद्याबाहेर असेल, तर दोष केवळ नागरिकांच्या प्रवृत्तीत शोधणे प्रस्तुत लेखकास अन्यायाचे वाटते. ज्या व्यापारी संस्कृतीस सिंगापूरमध्ये शिस्त म्हणून गौरविले जाते, तीच येथे बेशिस्त ठरते; फरक तिच्या पायाखालील जमिनीच्या कागदांत आहे.

अर्थात त्या संस्कृतीची किंमत इतरांनीही मोजली. जीन्स धुलाईचे रंगीत सांडपाणी वालधुनी नदीत गेले. २०१० नंतरच्या दशकात न्यायालयीन आदेशांनंतर असे अनेक कारखाने बंद झाले आणि त्यांतील परप्रांतीय मजुरांचा रोजगार गेला. शेजारच्या नेवाळी येथे महायुद्धात धावपट्टीसाठी घेतलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून २०१७ मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले. छावणीसाठी एकेकाळी मोजून घेतलेल्या या भूमीचा हिशेब निर्वासित, मजूर व मूळ शेतकरी या तिघांच्याही खात्यात अद्याप मिटलेला नाही.