मोजमापानंतरचे काम

व्यायामविज्ञान शिकतोय असे सांगितले की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: म्हणजे पुढे पीटीचे सर होणार का? या प्रश्नाने खट्टू होण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात ही विद्या शाळेच्या मैदानांवर आणि तालमींतच वाढली. खेडोपाडी मुलांच्या शरीराकडे जाणतेपणाने पाहणारा पीटीचा शिक्षक हा आजही पुष्कळदा गावातला एकटाच माणूस असतो. मात्र याच विद्येची माणसे आज हृदयशस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला जिना चढण्याचा धीर देतात, वेगवान गोलंदाजाने आठवड्यात किती षटके टाकावीत हे ठरवतात, गुडघा फिरलेल्या कबड्डीपटूला पुन्हा मॅटवर उभे करतात. ही कामे वरवर पाहता एकमेकांपासून दूरची वाटतात. त्यांना बांधणारा धागा मला एकच दिसतो. शरीर मोजणे हे यातले अर्धे काम. आलेल्या आकड्याचे समोरच्या माणसासाठी काय करायचे हे ठरवणे हे उरलेले अर्धे, आणि अवघड तेच. हे पुस्तक त्या दुसऱ्या अर्ध्यासाठी आहे.

ही विद्या बाहेरून आयती आली, असा एक समज आहे. तो आधी दूर करायला हवा. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने आपले देशी खेळ तिथे करून दाखवले. 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेल्या या माणसाने उड्डियान आणि नौली या क्रिया क्ष-किरणांखाली पाहिल्या. नौली चालू असताना मोठ्या आतड्यातला दाब त्यांनी मोजला आणि तो बाहेरच्या हवेच्या दाबाखाली उतरतो हे दाखवले. बस्तीत पाणी आत कसे खेचले जाते, याचा त्यातून उलगडा झाला. ज्या क्रियेवर आपली श्रद्धा आहे तिलाच यंत्रासमोर उभे करायचे, यंत्र काय सांगेल ते मान्य करायचे आणि छापायचे, ही वृत्ती मला त्यांच्या कोणत्याही निष्कर्षाहून मोलाची वाटते.

अशीच वृत्ती लंडनमध्येही दिसते. 1953 साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुमजली बसगाड्यांवरच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार जास्त निघाला. जिना चढत-उतरत तिकिटे देणाऱ्या कंडक्टरांमध्ये कमी. बेस्टच्या दुमजली बसमधून फिरलेल्या मुंबईकराला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. शारीरिक हालचाल आणि हृदयाचे आरोग्य यांच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवात इथून मानतात. त्यानंतर घडले ते पाठ्यपुस्तकांत क्वचित येते. त्याच गटाने गणवेशांच्या नोंदी काढल्या आणि 1956 साली त्यावर लेख लिहिला. ड्रायव्हरांच्या पँटींची कंबर तरुण वयातही कंडक्टरांपेक्षा मोठी होती. मग फरक नोकरीने पाडला, की मुळात वेगळ्या अंगलटीची माणसे वेगळ्या नोकरीकडे वळली? हालचालीचे महत्त्व पुढच्या अनेक अभ्यासांनी पक्के केले, पण आपल्या गाजलेल्या निष्कर्षावर पहिली शंका स्वतः घेण्याची ती सवय विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी लावून घ्यावी.

आता पुण्याकडे या. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. बीएमआय दोघांचाही 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा चाळिशीतला माणूस ‘माझे वजन तर बरोबर आहे’ म्हणत तुमच्यासमोर बसेल, तेव्हा हे छायाचित्र आठवा. त्याच्या कमरेला टेप लावा, त्याला खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगा. जेवणानंतर रक्तातली साखर सर्वांत जास्त शोषून घेतात ते स्नायू. म्हणून अशा माणसाला केवळ सकाळचा फेरफटका सांगून भागत नाही, स्नायूंना ताकदीचा व्यायामही द्यावा लागतो. तो माणूस जिममध्ये पाऊल ठेवणार नसेल तर घरातल्या घरात काय करता येईल, हे शोधणे तुमच्याकडे आले.

पोलिसभरतीचे उदाहरण मी मुद्दाम विस्ताराने घेतो, कारण महाराष्ट्रात व्यायामविज्ञानाची सर्वांत मोठी गरज मला तिथे दिसते. भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. गावोगावची मुले पहाटे डांबरी रस्त्यावर ‘ग्राउंड’ची तयारी करताना दिसतात. जाहिरात निघाली की धावणे एकदम दुप्पट-तिप्पट होते आणि थोड्याच दिवसांत नडग्या दुखू लागतात. दम आठवड्यांत वाढतो; हाडाला बळकट व्हायला महिने लागतात. ही एवढी गोष्ट अकॅडमीच्या फळ्यावर लिहिली तरी कितीतरी मुले ऐन भरतीच्या दिवशी लंगडणार नाहीत.

त्याहून गंभीर प्रश्न उन्हाचा आहे. 2014 च्या जूनमध्ये मुंबईतल्या भरतीत 5 किलोमीटर धावताना उमेदवार कोसळले, काहींचा जीव गेला. धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात तिचा जेमतेम पाव हिस्सा हालचालीत उतरतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घाम सुकणे हा. मुंबईच्या जूनमधल्या दमट हवेत घाम निथळतो, पण सुकत नाही. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात वाढलेल्या मुलाला ऊन सोसायची सवय असते, तरी ही हवा त्याला नवी असते. अशा हवेला शरीर जुळवून घेते. त्यासाठी साधारण 10 ते 14 दिवस रोज थोडा वेळ तिथे व्यायाम करावा लागतो. मग रक्तातल्या द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटतो, घामावाटे मीठ कमी जाते. भरतीच्या आदल्या रात्री एसटीने येऊन फलाटावर झोपलेल्या मुलाला हे दिवस मिळालेले नसतात.

आता मैदानावर काय करायचे? धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, विनाकारण चिडला, तर उष्माघाताची शंका घ्यायची. अंगाला घाम आहे म्हणून निर्धास्त राहायचे नाही. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम असू शकतो. शरीराच्या आतले तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर गेले असेल तर आधी तिथेच गार करायचे, दवाखान्यात नंतर न्यायचे. बर्फाच्या पाण्याचा टब सर्वांत उत्तम. तो नसेल तर अंगावर सतत पाणी, बर्फात बुडवलेले टॉवेल, पंखा. हे सारे ज्ञान प्रसिद्ध आहे, कोणत्याही चांगल्या पुस्तकात सापडते. टब मात्र पुस्तकातून मैदानावर आपोआप येत नाही. तो कोणी मागवायचा, बर्फ पहाटे पाचला कोण आणणार, धाव किती वाजता संपवायची, आणि धाव थांबवण्याचा लेखी अधिकार कोणाकडे आहे, ही बोलणी आठवडाभर आधी संबंधित अधिकाऱ्याशी करावी लागतात. मी ज्याला उपयोजित काम म्हणतो ते हेच.

मुलींच्या बाबतीत आपण विचारायचे प्रश्नच विचारत नाही, याची मला सर्वांत जास्त खंत वाटते. खो-खो, कबड्डी, लांब पल्ल्याची धाव यांत ग्रामीण भागातल्या मुली मोठ्या संख्येने पुढे आल्या आहेत. सरावाचे तास वाढतात, ताटातली भाकरी तेवढीच राहते. शरीराला ऊर्जा कमी पडू लागली की ते खर्चाला कात्री लावते; पाळी लांबते किंवा बंद होते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, आजारपणे वाढतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 साली या अवस्थेवर सविस्तर निवेदन काढले आणि ती पुरुष खेळाडूंतही दिसते हे मांडले. आपल्याकडे पाळी थांबली की ‘सराव जोरात चाललाय’ म्हणून ती सोडून दिली जाते, कारण प्रशिक्षक बहुधा पुरुष आणि मुलगी बोलायला संकोचते. इथे विश्वास बसेल अशी एक ताई संघाबरोबर असणे हे कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा उपयोगाचे आहे. मुलीने सांगितलेली गोष्ट तिच्या परवानगीवाचून निवडसमितीपर्यंत जाता कामा नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

कुस्तीत वजन उतरवण्याचा प्रश्न 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमुळे घराघरांत पोहोचला. 50 किलो गटाच्या अंतिम लढतीच्या सकाळी विनेश फोगटचे वजन 100 ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. कुस्तीच्या नियमांत दोन्ही दिवशी वजन द्यावे लागते. पहिल्या दिवशी वजन दिल्यावर लढण्यासाठी खावे-प्यावे लागते आणि रात्रीतून ते पुन्हा घाम गाळून काढावे लागते. अमेरिकेत 1997 च्या अखेरीस वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन मल्लांचा मृत्यू झाला. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूट आणि वाफेच्या खोल्या यांवर बंदी आली, मल्लाच्या किमान वजनाची मर्यादा आधीच ठरवण्याची पद्धत सुरू झाली. कोल्हापूरच्या वस्तादाला पैलवानाचा चेहरा पाहून पाणी कमी पडल्याचे कळते. त्याच्या नजरेजवळ तुमचा वजनकाटा आणि लघवीच्या रंगाचा तक्ता ठेवा. त्याला हटवून तुमची खुर्ची मांडायला गेलात तर तालमीचे दार तुम्हाला बंद होईल, आणि ते योग्यच ठरेल.

नोकऱ्यांविषयी स्पष्ट बोलतो. भारतीय क्रीडा प्राधिकरणाची केंद्रे, पुण्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट, आयपीएल आणि प्रो कबड्डीचे संघ, खासगी प्रतिष्ठाने, मोठी रुग्णालये इथे कामे आहेत. त्यांतली बरीच कंत्राटी आहेत. सुरुवातीचा पगार फार नसतो, हंगाम संपला की करारही संपतो. ऑस्ट्रेलियात मान्यताप्राप्त व्यायामतज्ज्ञाची सेवा सरकारी आरोग्ययोजनेत बसते, ब्रिटनमध्ये क्रीडामानसतज्ज्ञ हे बिरुद नोंदणीवाचून लावता येत नाही. आपल्याकडे 2021 च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपीसारख्या व्यवसायांना आयोगाच्या कक्षेत आणले, पण जिमच्या दारावर कोणी कोणतीही पाटी लावावी अशी परिस्थिती अजून पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणून आपल्या मर्यादा आपणच आखायच्या. दुखापतीचे निदान डॉक्टर आणि फिजिओ करतील. पावडरीच्या डब्यात काय आहे याची खात्री नसेल तर खेळाडूला ती देऊ नका. उत्तेजक सापडले तर ‘माहीत नव्हते’ म्हटल्याने तो सुटत नाही. छातीत दुखते म्हणणाऱ्याला ट्रेडमिलवर चढवायचे नाही, मग तो कितीही आग्रह करो.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचलीत तरी चालेल. शरीरक्रियेचे प्रकरण लांब आहे आणि ते टाळू नये. बायोमेकॅनिक्सच्या प्रकरणातले गणित पहिल्या वाचनात सोडून दिले तरी काम अडणार नाही. प्रत्येक प्रकरणाअखेर एका व्यक्तीची माहिती दिली आहे: वय, काम, दिनक्रम, तक्रार, मोजमापे. खाली उत्तर छापलेले नाही. आधी त्या व्यक्तीला विचारायचे प्रश्न लिहा, मग पुढच्या चार आठवड्यांचा कार्यक्रम लिहा, आणि तो तुमच्या गावातल्या एखाद्या पीटीच्या सरांना किंवा वस्तादांना वाचून दाखवा. ते कुठे हरकत घेतात ती ओळ समासात टिपून ठेवा.