कर्मचारी गळती : तरुण नोकरीत का टिकत नाहीत?

एका वर्षात स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्यांचे संस्थेतील सरासरी कर्मचारीसंख्येशी असलेले प्रमाण म्हणजे ‘कर्मचारी गळती’. सरासरी १००० कर्मचाऱ्यांच्या कंपनीतून वर्षभरात २०० जणांनी राजीनामे दिल्यास गळती २० टक्के ठरते.

आकडे काय सांगतात?

माहिती तंत्रज्ञान कंपन्या हे प्रमाण दर तिमाहीस जाहीर करू लागल्या. जून २०२२ अखेर मागील बारा महिन्यांची गळती ‘इन्फोसिस’मध्ये २८.४ टक्के, तर ‘टीसीएस’मध्ये १९.७ टक्के होती. मार्च २०२४ अखेर ती अनुक्रमे १२.६ व १२.५ टक्क्यांवर आली. मात्र, या काळात उद्योगातील नवी भरतीही मंदावली होती. त्यामुळे घटलेली गळती म्हणजे वाढलेले समाधान, असे समीकरण मांडता येत नाही. बाहेर संधी नसल्याने थांबलेला तरुण संधी येताच निघून जातो.

पगार आणि वरिष्ठ

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व लेखापालांच्या मुलाखतींवर आधारित सिद्धान्त १९५९ मध्ये मांडला. पगार, कंपनीची धोरणे, देखरेख आणि कामाची परिस्थिती यांत उणीव राहिल्यास असंतोष निर्माण होतो. परंतु उमेद वाढते ती यश, कौतुक, जबाबदारी आणि प्रगती यांमुळे, असे त्याचे सार आहे. ‘गॅलप’ या संस्थेने २०१५ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, निरनिराळ्या गटांतील कर्मचाऱ्यांच्या कामाशी असलेल्या समरसतेत जो फरक दिसतो, त्यातील किमान ७० टक्के भागाचा संबंध व्यवस्थापकाशी असतो.

नवख्या कर्मचाऱ्यासाठी तर थेट वरिष्ठ हीच कंपनी असते. कामाचे वाटप, रजेची मंजुरी आणि वार्षिक मूल्यमापन त्याच्याच हाती असते. चांगला प्रोग्रॅमर केवळ ज्येष्ठतेमुळे गटप्रमुख झाला आणि माणसे सांभाळण्याचे प्रशिक्षण त्याला मिळाले नाही, तर त्याची झळ प्रथम नवख्यांनाच बसते.

नुकसान दोघांचेही

गावाकडून हिंजवडीत आलेल्या तरुणावर घरभाडे आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते यांचा भार असतो. अनेक कंपन्यांत ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते. साहजिकच तो त्रास सोसत राहतो किंवा घाईने मिळेल ती नोकरी पत्करतो. कंपनीला पुन्हा भरती व प्रशिक्षणाचा खर्च करावा लागतो. अनुभव हातचा जातो तो वेगळाच.

राजीनाम्यानंतर कारणे विचारण्याची पद्धत रूढ आहे. तीच विचारपूस पहिल्या सहा महिन्यांत झाली, तर अनेक राजीनामे टाळता येतील.