पाण्याखाली गेलेला आमचा इतिहास

आमच्या पडघ्याला समुद्र नाही. तो आमच्याकडे येतो कंटेनरमधून. मुंबई-नाशिक महामार्गावर रात्रभर ट्रक चालतात आणि गोदामांत माल उतरतो. तरी शाळेच्या इतिहासात भिवंडीसाठी समुद्राची एक ओळ होतीच. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथल्या खाडीत जहाजं बांधायला घेतली. मराठा आरमार आमच्या तालुक्यातून सुरू झालं, हे मी ऑफिसात बऱ्याचदा ऐकवलंय.

गेल्या डिसेंबरात ऑफिसमधले आम्ही चौघं मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझवर गेलो. पहिल्या रात्री झोप येईना म्हणून मी डेकवर जाऊन मोबाईलवर ऑफलाइन नकाशा उघडला. पूर्वेला विजयदुर्ग होता. कान्होजी आंग्रे, जळालेलं आरमार वगैरे मित्रांना सांगायला मी सकाळची वाट बघत बसलो. बोटीच्या खाली काय असेल, हा प्रश्न मला पडलाच नाही.

तो पडला अगत्ती बेटावर. स्नॉर्केलिंगला उतरलो आणि पाचच मिनिटांत मास्कमध्ये पाणी शिरलं. घाबरून मी मिळेल तिथे पाय टेकला. पायाखाली पापड मोडावा तसं काहीतरी मोडलं. सोबतचा मुलगा ओरडला नाही. मला वर धरून एवढंच म्हणाला, "वो ज़िंदा है, भैया."

मी ज्याला दगड समजत होतो ते प्रवाळ होतं. हजारो बारीक जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवालं असतात. ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि बराचसा वाटा यजमानाला देतात. पाणी फार तापलं की ही भागीदारी तुटते, शैवालं निघून जातात आणि प्रवाळ पांढरं पडतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. त्यातून जगलेलं काहीतरी मी माझ्या पायाने मोडलं होतं.

फांद्यांचं प्रवाळ त्यातल्या त्यात लवकर वाढतं. पोराइट्स नावाचं घुमटासारखं प्रवाळ मात्र वर्षाला साधारण १ सेंटिमीटरच वाढतं. परतीच्या वाटेवर मी मनात हिशेब मांडला. ३ मीटर उंचीच्या घुमटाला सुमारे ३०० वर्षं लागतात. कान्होजी आंग्रे वारले १७२९ मध्ये. म्हणजे त्यांच्या काळात रुजलेलं प्रवाळ आजही जिवंत असू शकतं.

घरी आल्यावर वाचत बसलो. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, भर समुद्रात, पाण्याखाली एक मोठं पठार आहे. त्याचा सर्वांत उथळ भाग जेमतेम २० मीटर खोल आणि त्याच्यावर प्रवाळ. नाव अँग्रिया बँक, म्हणजे आंग्र्यांचं. ज्या इंग्रजांनी कान्होजींना चाचा ठरवलं, त्यांच्याच भाषेतल्या उच्चाराने हे नाव नकाशावर राहिलं.

त्या काळचे खलाशी शिशाचा गोळा दोरीला बांधून खोली मोजत. गोळ्याच्या बुडाला चरबी लावलेली असे. तिला वाळू चिकटली, शिंपल्याचा तुकडा चिकटला, की तळ कसा आहे ते कळे. प्रत्यक्ष बघायची सोय नव्हती. कूस्तो आणि गान्यां यांनी श्वासाचं यंत्र बनवलं ते १९४३ मध्ये. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांच्या साथीने विजयदुर्ग घेतला आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. वरची लाकडी जहाजं संपली. आंग्र्यांचं नाव लागलेलं खालचं प्रवाळ राहिलं.

किनाऱ्याजवळही तेच. १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. त्या तटाची उंची, पायातलं शिसं, सगळं आपल्याला पाठ. तटाबाहेरच्या पाण्यात प्रवाळ आहे, ही गोष्ट राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासिम आणि वाफर यांनी शास्त्रीय निबंधात मांडली ती १९७९ मध्ये. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला. पोटाचा प्रश्न होता, त्यांचं चुकलं असं मला इथे बसून म्हणवत नाही. पुढे पर्यटन आलं, त्यातून गावातल्या बऱ्याच घरांना उत्पन्नही आलं. आणि २०२० मध्ये संशोधकांनी मालवणबद्दलच लिहिलं, की हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळाची मोडतोड होते आहे. ते वाचताना मला माझा पाय आठवला.

किल्ल्याच्या दगडावर कुणी नाव कोरलं की आपण चिडतो, फोटो टाकतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी, पाण्याखाली, तितकीच जुनी असू शकेल अशी एक जिवंत वस्ती आहे. तिच्यावर पाय पडला तर फोटो निघत नाही. माझाही कुणी काढला नाही.

येत्या दिवाळीत मित्र तारकर्लीला चला म्हणतायत. जाणार आहे. त्याआधी दर रविवारी कल्याणला तरणतलावावर जातो. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं, वरची कड दाबून धरायची, नाकाने हवा सोडायची, की पाणी खालून निघून जातं. पाय कुठेही टेकायचे नाहीत. सध्या दहापैकी सात वेळा जमतं.