भोसरीचा स्वयंभू आकडा

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपचं चलन हातात घ्या. माल लेथवरचा असो की प्रेसवरचा, पत्ता बहुधा 411026 वर संपतो.

ज्या पद्धतीतून हा आकडा निघाला, ती पिनकोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी. 411 म्हणजे पुणे, 026 म्हणजे तिथली एक टपाल कचेरी.

आता पाठ्यपुस्तकी ओळख. 411026 = 2 × 7 × 11 × 17 × 157. पाचही मूळ संख्या वेगळ्या, एकही दोनदा नाही. स्वतःला सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज 408046. ‘परिपूर्ण संख्या’ ठरायला 2980 कमी पडले, म्हणून वर्ग ‘न्यून’. सगळं बरोबर, पण पत्त्याच्या दृष्टीने व्यर्थ. भोसरीत चार लाख अकरा हजार सव्वीस असं काहीच मोजलेलं नाही. पिनकोड ही अंकांची रांग आहे.

आणि अंकांच्या रांगेचा माणूस म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म 1905, डहाणू. 1930 ते 1962 देवळालीत शाळामास्तर. संख्येच्या अंकांशी चालणारा त्यांचा खेळ अनेक गणितज्ञांना पोरकट वाटे, कारण दहाऐवजी आठाच्या पायावर लिहिलं की तो मोडतो. आक्षेप खरा आहे. पण पिनकोडला दहाचाच पाया असतो! मार्च 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं.

अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी नाव दिलं हर्षद, आनंद देणारी. 411026 ची अंकबेरीज 14, आणि 14 × 29359 = 411026. भोसरी हर्षद. चाकणच्या 410501 ला 11 ने भागलं तर बाकी 3.

त्याहून गमतीची त्यांची दुसरी कल्पना, जनकाची. संख्येत तिचीच अंकबेरीज मिळवा, अपत्य मिळतं. येरवड्याचा पिन 411006, अंकबेरीज 12. मिळवा, 411018, म्हणजे पिंपरी. त्यात 15 मिळवा, 411033, चिंचवडगाव. त्यात 12 मिळवा, 411045, बाणेर. टपाल खात्याने ठरवून केलेलं नाही, निव्वळ योगायोग; पण वंशावळ अशी सरळ लागलेली पाहून मी दोनदा ताळा घेतला.

ज्या संख्येला जनकच नाही, ती स्वयंभू. तिला देवळाली संख्याही म्हणतात. सहा अंकांची बेरीज 54 च्या वर जात नाही, म्हणून 411026 च्या मागच्या 54 संख्या तपासल्या की पुरे. टपरीवरचा चहा येईपर्यंत होतं. एकही जुळत नाही. भोसरीला बाप नाही. मूल मात्र आहे : 411040, वानवडी.